पथक मागे जात नाही

"डाग कुठाय?" धारराव जुमलेदाराने विचारलं.

माझा धाकटा भाऊ रखमाजी त्याच्यासमोर उभा होता. पागोटं कुठेतरी पडलेलं, अंगरखा घामाने चिकटलेला. सकाळच्या पळापळीत त्याचा घोडा गोळी लागून पडला होता आणि तो माझ्यामागे बसून कसाबसा जीव वाचवून आला होता.

"डाग काढाय सवड न्हवती, जुमलेदार," तो म्हणाला. "मोगल पाठीवर हुता."

"म्हंजे घोडा मेला."

"मेला."

"आन् डाग न्हाई."

"न्हाई."

"मंग मेला कशावरनं?" धारराव वळून सगळ्या पथकाला ऐकू जाईल असं बोलू लागला. "ऐका रं! सरकारचा चांगला कुमैत घोडा. ह्या गड्यानं मोगलाच्या बाजारात नेऊन इकला आन् भावाच्या मागं बसून हात हालवत परत आला."

दोघं-चौघं हसले. जुमलेदार बोलला की हसणारे दोघं-चौघं प्रत्येक पथकात असतातच.

आता पोवाड्यांत ऐकतो तेव्हा असं वाटतं, की आम्ही रोज सकाळी उठून तलवारी परजत मोगलाच्या छातीवर जात होतो. कसलं काय! आमचं काम पळायचं होतं. मोगलाची फौज म्हणजे चालतं गाव. तोफा, तोफा ओढणारे बैल, हत्ती, तंबू, पालख्या आणि मागे अख्खा बाजार. दिवसभर चालून ती दोन-तीन कोस पुढे सरकायची. आम्ही नुसते घोड्यावर. तंबू नाही, चूल नाही, कमरेला बांधलेली भाकरी आणि वाटेतल्या शेतातली कणसं. त्यांच्या तोफांसमोर उभे राहिलो असतो तर घटकेत मातीला मिळालो असतो, म्हणून उभंच राहायचं नाही. त्यांच्या वाटेवरचं गवत जाळायचं, विहिरी बुजवायच्या, त्यांच्याकडे धान्याचे बैल नेणारे वंजारी अडवायचे. जनावरं उपाशी पडली की त्यांचे स्वार चिडून बाहेर पडत. मग आम्ही त्यांच्या तोंडासमोर जायचं, आयाबहिणींवरून शिव्या द्यायच्या आणि पाठ दाखवून सुसाट सुटायचं. ते पांगत मागे येत. तोफांपासून लांब आले, की शिंग वाजे, आणि आम्ही एकदम उलटत असू.

या सगळ्याचा नियम एकच होता. थांबायचं नाही. पडला तो पडला. पथक मागे जात नाही.

पण आमच्या पागेचा आणखी एक नियम होता, तो त्याहून जुना. आम्ही बहुतेक बारगीर, म्हणजे सरकारच्या घोड्यावर बसणारे. प्रत्येक घोड्याच्या डाव्या मांडीवर तापल्या लोखंडाचा डाग असे, त्रिशूळ आणि खाली चंद्रकोर. घोडा मेला, तर तेवढं कातडं कापून आणायचं आणि सरदारापुढे ठेवायचं. नाही आणलं, तर घोडा विकला असं धरत. धावत्या लढाईत हे दोन नियम एकमेकांच्या शेजारी कसे बसायचे, याचा विचार करायला नियम करणारे काही आमच्याबरोबर पळत नव्हते. घोडा पडला की चांगले चांगले गडी जीव वाचवायचा सोडून आधी कमरेची सुरी काढत, आणि त्यातले बरेच तिथेच कापले जात.

रखमाजीनेही सुरी काढली होती. मीच ओरडलो, "डाग गेला खड्ड्यात, बस मागं!" म्हणून तो वाचला.

तेच मी धाररावाला सांगितलं. "म्या डोळ्यांनी पाहिलं. वढ्याच्या काठाला पडला घोडा."

"तू भाऊ. भावाची साक्ष कसली?"

"मंग तुमी सांगा. तुमी टेकाडावर हुता. तिथनं सगळा वढा दिसतो."

धाररावाने माझ्या डोळ्याला डोळा भिडवला. सावकाश, एकेक शब्द तोडत तो म्हणाला, "म्या पाहिलं न्हाई."

त्याने पाहिलं होतं. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. त्या दिवशी शिंग त्याच्याकडे होतं. मोगलाचा एक सामानाने लादलेला उंट चुकून टेकाडावर आला होता, आणि आम्ही खाली जिवाच्या आकांताने पळत असताना हा गडी वर उंटाच्या दोऱ्या सोडत बसलेला मला खालून दिसला. शिंग उशिरा वाजलं. जिथे उलटायचं ती जागा मागे पडली, आम्ही ओढ्याच्या चिखलात शिरलो आणि मोगलाच्या बंदुका आमच्यापर्यंत पोचल्या. घोडा मेला म्हटलं, की सरदार विचारणार, कसा मेला? विकला म्हटलं, की विचारणंच संपलं.

आमचे सरदार जानराव म्हातारे होते. बोलणं मोजकं, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता घोड्यांकडे बघत. रखमाजी त्यांच्या पाया पडला.

"सरकार, एक मानूस पाठवा. घोडा तिथंच पडलाय. डाग तसाच हाय अंगावर."

जानरावांनी धाररावाकडे पाहिलं.

"पथक मागं जात न्हाई, सरकार," धारराव म्हणाला.

ते खरंच होतं. जानरावांनी मान हलवली. "पुढच्या गावात लोहार असेल. बेडी करून घ्या. रसद न्यायला माणसं किल्ल्यावर जातील, त्यांच्याबरोबर याला धाडू."

आमच्या पथकातून बेडी घालून किल्ल्यावर गेलेला माणूस परत आलेला मी तरी पाहिला नव्हता. रखमाजीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आईने निघताना त्याचा हात माझ्या हातात दिला होता, आणि आता मी तिला काय तोंड दाखवणार होतो?

पुढच्या गावात बेडी तयार झाली आणि सामानाच्या बैलावर लादली गेली. रखमाजी त्याच बैलामागून पायी चालायचा, मुक्कामाला घोड्यांसाठी गवत कापायचा. धारराव त्याच्या बाजूने घोडा काढताना रोज न चुकता विचारी, "काय रं बाजारकर, काय भावानं गेला घोडा?" रखमाजी बोलत नसे. मी बोललो एकदा. त्यावर धारराव नुसता हसला आणि म्हणाला, "सुभान्या, तुला मागं थांबायची लई हौस. आजपासनं तू पिछाडीला."

पिछाडीला म्हणजे पळताना सगळ्यांत शेवटी. मोगलाची पहिली गोळी त्याचीच. मी त्या दिवसांत धाररावाचा इतका राग राग केला, की पळताना मला मोगलाची भीती वाटायची राहून गेली. पुढे त्याची पाठ दिसायची, तेवढीच मी बघायचो.

सीना नदीच्या अलीकडे ज्वारी डोक्याइतकी उभी होती. जानरावांनी त्या सकाळी धाररावाला सांगितलं, "आज शिंग माझ्याकडे. तुम्ही स्वतः पुढे जा आणि त्यांना काढून आणा." मागच्या खेपेच्या शिंगाचा त्यांना वास आला होता की काय, देव जाणे.

आम्ही गेलो. मोगलाच्या छावणीबाहेर त्यांचे घासदाणेवाले गवत शोधत होते, त्यांच्यावर पडलो. दोन-चार बैल हाणून नेले. छावणीतून स्वार बाहेर पडले, भुकेलेले आणि संतापलेले. धाररावाने हात वर केला आणि आम्ही पाठ फिरवली. शेतांमधून, बांधांवरून, ताटं मोडत घोडे सुटले. धुळीने पुढचा घोडाही दिसेना.

ज्वारीचं रान संपलं आणि माळ लागला, तिथे धाररावाचा घोडा पडला. गोळी मानेत बसली असावी. घोडा एकदम पुढच्या गुडघ्यांवर आला आणि कुशीवर कोसळला. पुढचे सगळे पुढे निघून गेले होते, कुणी पाहिलं नाही. मागे मी एकटा.

मीही त्याच्या बाजूने निघून गेलो. मनात म्हटलं, पडला तो पडला. बरं झालं.

आणि मग आठवलं. रखमाजीचा घोडा कसा मेला हे पाहिलेला आम्हा भावांखेरीज तो एकटाच माणूस होता. तो मेला, की रखमाजी जन्माचा चोर. मी लगाम खेचला. पथकात आल्यापासून शिंग न वाजता मागे वळायची ती माझी पहिलीच वेळ, आणि तीही त्या माणसासाठी.

मी पोचलो तोवर धाररावाने घोड्याखालचा पाय सोडवून घेतला होता. पळण्याऐवजी तो घोड्याच्या मांडीशी गुडघे टेकून बसला होता आणि हातात सुरी होती. आजवर त्याने किती जणांना डागावरून नागवं केलं होतं! डाग न घेता परत गेलो तर आपलं काय होईल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मागं बसा," मी म्हणालो. "पर आधी बोला. सरकारपुढं खरं सांगणार का?"

"थांब. निम्मं निघालंय."

"जुमलेदार, मोगल आला!"

"थांब म्हंतो न्हवं!"

ज्वारीचे शेंडे हलू लागले होते. धाररावाने कातडं ओढून सुटं केलं आणि माझ्याकडे वर धरलं. "धर ह्ये."

मी घेतलं. गरम होतं, हातातून निसटत होतं. मला वाटलं, आता चढण्यासाठी तो हात पुढे करील. त्याने हात पुढे केला तो माझ्या घोड्याच्या लगामाला घातला.

"उतर," तो म्हणाला.

"काय?"

"उतर खाली. जुमलेदार बारगिराच्या मागं बसून जात न्हाई. घोडा सरकारचा हाय, तुझ्या बापाचा न्हाई."

"दोघं जाऊ की! नेतोय त्यो दोघांना."

"कशाचा नेतोय? त्या दिशी तुमी दोघं भाऊ बसलावता, तवा वढा चढताना गुडघ्यावर आलं हुतं ह्ये. बघत हुतो म्या."

बोलून गेला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"म्हंजे तुमी बघितलं," मी म्हणालो.

"बघितलं. मंग? तू कुणाला सांगणार, आन् तुझं ऐकणार कोण?" त्याने लगाम खाली खेचला. "उतर, न्हाई तर सुरी घालतो."

माझ्या हातात चाबूक होता. त्याची लाकडी मूठ मी जीव खाऊन त्याच्या मनगटावर हाणली. लगाम सुटला. घोड्याला टाच मारली आणि निघालो. तो मागून ओरडत होता, आधी शिव्या आणि मग नुसतं माझं नाव. मी मागे वळून पाहिलं नाही. हे त्यानेच आम्हाला शिकवलं होतं.

शिंग वेळेवर वाजलं. पथक उलटलं आणि माळावर विखुरलेले मोगलांचे स्वार आम्ही एकेक गाठून तोडले. मीही तोडले. त्या दिवशी माझा हात फार चालला असं नंतर लोक म्हणत.

मुक्कामाला पोचल्यावर खोगिरात खोचलेलं ते कातडं फेकून द्यायला म्हणून मी बाहेर काढलं. कुमैत, काळपट तांबडे केस, त्यात त्रिशूळ, खाली चंद्रकोर. रखमाजीचा घोडाही कुमैतच होता, आणि पागेतले सगळे डाग सारखेच. मी ते फेकलं नाही. तसाच उठलो आणि जानरावांपुढे जाऊन ते खाली ठेवलं.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"डाग, सरकार. रखमाजीच्या घोड्याचा."

त्यांनी कातडं उलटं केलं. नखाने खरवडलं. नखाला रक्त लागलं, ते त्यांनी गवताला पुसलं.

"तो घोडा मरून बरेच दिवस झाले ना?"

"व्हय, सरकार."

"थंडीचे दिवस आहेत. टिकलं असेल." त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. घोड्यांकडे बघत ते म्हणाले, "धारराव आले नाहीत."

"पडले. पिछाडीला म्या हुतो."

"आणि त्यांच्या घोड्याचा डाग?"

मी खाली ठेवलेल्या कातड्याकडे बघितलं.

"मेलेल्या माणसाला डाग लागत नाही," जानराव म्हणाले. "रखमाजीला घोडा द्या."

रखमाजी मोकळा झाला. त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही, डाग कुठून आला म्हणून. पण ओढ्याकाठचं ते कातडं घोड्याच्या अंगावरच राहिलं होतं, हे त्याच्याहून जास्त कुणाला माहीत? लोहाराची बेडी मात्र बैलाच्या पाठीवर तशीच राहिली. लोखंड कोण टाकतो?

दोन-तीन दिवसांनी, आम्ही नदी उतरून घोड्यांना पाणी पाजत होतो, तेव्हा पलीकडच्या काठावर एक माणूस लंगडत येताना दिसला. अनवाणी, डोक्याला चिंधी, उजवं मनगट सुजून काळं पडलेलं. ज्वारीत लपून राहिला होता म्हणे. पाण्यातून चालत तो आमच्या काठाला आला, तेव्हा कुठे आम्ही त्याला ओळखलं.

आता हा बोलणार आणि रखमाजी पुन्हा बैलामागे जाणार, माझ्यासकट.

जानराव घोड्याची मान थोपटत उभे होते. त्यांनी धाररावाकडे पाहिलं, त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"या, धारराव. घोडा?"

"मेला, सरकार."

"डाग कुठाय?"

धाररावाने सुजलेला हात माझ्याकडे केला. "ह्याच्या हातात दिला. ह्यानं मला तिथंच टाकला आन् डाग घेऊन पळाला."

"सुभानजीने डाग आणला तो रखमाजीच्या घोड्याचा."

"खोटं हाय, सरकार!" धारराव ओरडला. "रखमाजीच्या घोड्याचा कुठनं यील? त्याचा डाग त्यानं काढलाच न्हवता. घोडा डागासकट वढ्याकाठी पडला, म्या सोता..."

तिथे तो थांबला. पाण्याला लावलेले घोडे सोडून सगळं पथक त्याच्याकडे बघत होतं. कोणी हसलं नाही, नेहमीचे दोघं-चौघंही नाही.

"म्हणजे मेला होता तर," जानराव म्हणाले. "तुम्ही तर पाहिलं नव्हतं ना?"

धारराव घाईघाईने म्हणाला, "सरकार, एक मानूस पाठवा. माळावर माझा घोडा पडलाय. मांडीचं कातडं काढल्याली खूण दिसंल. जास्ती लांब न्हाई."

जानरावांनी आजवर कुणाकडे पाहिलं नसेल इतका वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"पथक मागे जात नाही, धारराव," ते म्हणाले, आणि बैलवाल्याला हाक मारून त्यांनी बेडी उतरवायला सांगितली.

ती रखमाजीच्या मापाची होती. रखमाजी सडपातळ, धारराव दणकट. कड्या पायात बसेनात, तेव्हा दोघांनी त्याला आडवा धरला आणि तिसऱ्याने दगडाने ठोकून खिळे बसवले. शेवटचा खिळा बसला, तेव्हा त्याने मान वळवून मला शोधलं.

"सुभान्या," तो म्हणाला. त्या आवाजात ना जुमलेदारी होती, ना शिवी. "घोडा कसा पडला, तू पाहिलंस. येवढं एक सांग सरकारला. बाकी मी काय मागत न्हाई."

जानराव माझ्याकडे वळले. पथक वळलं. मी एक शब्द बोललो असतो, तर कदाचित त्याची बेडी निघाली असती. डागाचं खोटं माझ्या अंगावर आलं असतं, पण रखमाजीला आता धोका नव्हता, त्याचं खरं धाररावाच्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलं होतं.

रखमाजी माझ्या शेजारी उभा होता. "दादा," तो अगदी हळू म्हणाला, "सांग की."

मी धाररावाच्या डोळ्याला डोळा भिडवला. जसा त्याने भिडवला होता, तसाच, सावकाश.

"म्या पाहिलं न्हाई," मी म्हणालो.

या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली, की माझे केस पांढरे झाले. धारराव किल्ल्यावर गेला आणि तिथेच राहिला. रखमाजी त्यानंतर पुष्कळ जगला, चार पोरांचा बाप झाला, पण माझ्यामागे घोड्यावर पुन्हा कधी बसला नाही. लोक विचारतात, वाईट नाही वाटलं? मी खरं सांगतो, नाही वाटलं. त्या दिवशी काठावर शिंग वाजलं आणि पथक पुढे निघालं.